एकदा बघायला हरकत नाही

‘कसा आहे पिक्चर?’ असं विचारलं की आपला माणूस आधी गप्प बसतो. तो विचार करतोय असं आपल्याला वाटतं. तसं काही नसतं. विचारणाऱ्याने पिक्चर बघितलाय का, त्याला तो आवडलाय का, आणि आपण ‘आवडला’ म्हटलं तर हा आपल्याला एक पायरी खाली बसवेल का, याचा तो अंदाज घेत असतो. अंदाज आला नाही की घसा साफ करून म्हणतो, ‘एकदा बघायला हरकत नाही.’

सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रानंतर सिनेमाला मिळणारं हे दुसरं ना हरकत प्रमाणपत्र. देणाऱ्यावर त्यातून कसलीही जबाबदारी येत नाही. तुम्ही गेलात आणि आवडला, तर ‘मी म्हटलं नव्हतं?’ पैसे पाण्यात गेले, तर ‘हरकत नाही म्हटलं होतं, आवर्जून बघ असं कुठे म्हटलं?’ मुरलेल्या कारकुनालाही फायलीवर इतका निसटता शेरा मारायला जमणार नाही.

माझी खात्री आहे की हे वाक्य आपल्याकडे सिनेमाइतकंच जुनं असणार. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आपल्या माणसाने, आपल्या मातीत, घरदार पणाला लावून केलेला चित्रपट. पहिला खेळ सुटल्यावर बाहेर उभ्या असलेल्या कुणीतरी ‘कसा आहे हो?’ विचारलंच असणार, आणि उपरणं झटकत कुणीतरी म्हणालं असणार, ‘बरा आहे. एकदा बघायला हरकत नाही. तारामती जरा दणकट वाटते, एवढंच.’ वाटणारच. सिनेमात काम करायला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं होतं. पुढे दोन वर्षांत, १९१५ साली, पुण्यात मंडईजवळ आर्यन थिएटर निघालं आणि मत देण्याच्या कामाला खऱ्या अर्थाने जाणकार माणसं मिळाली.

आमच्याकडे मतांची एक गुप्त भाषाच आहे. ‘फोटोग्राफी छान आहे’ म्हणजे गोष्ट सापडली नाही. ‘विषय चांगला घेतलाय’ ही सरळ धोक्याची घंटा. असं म्हणणारा स्वतः मध्यंतरात निघून आलेला असतो. ‘सगळ्यांची कामं मस्त झालीयेत’ असं कुणी म्हणालं तर त्या सगळ्यांत एखादा त्याचा भाचा आहे का ते आधी बघावं. ‘वेगळा आहे’ म्हणजे शेवट कळला नाही, पण आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते. आणि ‘मुलांना दाखवायला हवा’ याचा अर्थ मी झोपलो होतो, मुलांनी का सुटावं?

माझे साडू यापुढचे. ते थिएटरात जातच नाहीत. कुठल्याही सिनेमाचं नाव काढा, ते म्हणतात, ‘येईल की मोबाइलवर.’ तो मोबाइलवर येतो, ते वीस मिनिटं बघतात आणि आम्हाला फोन करून सांगतात, ‘हा मोठ्या पडद्यावर बघायला पाहिजे होता.’

या सगळ्यात प्रामाणिक समीक्षक एकच, आमची आई. वय ऐंशी. तिच्याकडे सिनेमाच्या दोनच जाती: झोप लागली आणि झोप लागली नाही. ‘ऑपेनहायमर’ला तिला आम्ही चुकून नेलं होतं. अणुबॉम्ब फुटला तेव्हा तिने कूस बदलली.

तर २०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ लागला आणि घरात ठराव झाला की हा सगळ्यांनी मिळून थिएटरातच बघायचा. आईला दिलीप प्रभावळकर आहेत म्हणून. बायकोला, माहेर कुडाळचं असल्यामुळे, त्यात तिकडचं दशावतारी लोकनाट्य आहे म्हणून. मुलीला तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी ‘भारी आहे’ म्हटलं म्हणून. मला कुणी विचारलं नाही, कारण गाडी मी चालवतो.

तिकीट काढणं हा पूर्वी पुरुषार्थ होता. अलकाची काय किंवा नीलायमची काय, खिडकी अशी असायची की त्या भोकातून एका वेळी एकच हात आत जावा, आणि त्या एका भोकात पाच हात गेलेले असत. आपण मुठीत दिलेल्या पैशांचं तिकीट आपल्याच मुठीत परत येईल याची हमी नसे. हात बाहेर आला की मनगटावर ओरखडे आणि मुठीत गुलाबी चिठोरं. ते उंच धरून मित्रांकडे पळत जाताना जे वाटायचं, ते पुढे दहावीच्या निकालालाही वाटलं नाही. ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागला की पानाच्या टपरीजवळ तो ब्लॅकवाला उभा असायचा, आभाळाकडे बघत, ओठ न हलवता भाव पुटपुटणारा. दुपटीच्या खाली तो कधी बोलला नाही. त्याला पोलिस पकडायचे. आता शुक्रवारी संध्याकाळचं तिकीट मंगळवारी सकाळच्या दुप्पट असतं आणि ते ॲप उघडपणे सांगतं. वर सोयीसाठी म्हणून वेगळे पैसे लावतं. सोय कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या खेपेला पोलिसांनी टपरीजवळ उभं राहून काही उपयोग नाही.

मुलीने फोनवर खुर्च्यांचा नकाशा उघडला. आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोत. बायकोला स्पीकरजवळ नको. मला कडेची खुर्ची हवी, कारण वय झालंय आणि पिक्चर अडीच तासांचा असतो. मुलीला आमच्यापासून लांबची हवी होती, पण ते ती बोलली नाही. या सगळ्या अटी पुऱ्या करणारी एकच रांग निघाली, रिक्लायनरची. तिचे पैसे ऐकून आई म्हणाली, ‘एवढ्यात पूर्वी लग्नाचं कार्यालय मिळायचं.’

पुढचा प्रश्न खाण्याचा. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ३ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार थिएटरवाल्याचा. पिण्याचं स्वच्छ पाणी मात्र फुकट द्यावं लागेल, आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. सुनावणीत तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूडांनी शंका काढली होती, की उद्या कुणी जिलब्या घेऊन आत बसला आणि पाकातली बोटं खुर्चीला पुसली, तर ती साफ कोण करणार? माणूस मराठी असल्याची ही खूण. दुसऱ्या कुणाला कायद्याचा मुद्दा मांडताना पंगतीतला चिकट हात आठवला असता?

आमच्या घरात त्या निकालावर एकच मतभेद नोंदवला गेला, तो बायकोचा. ‘पिक्चरला जिलबी कोण नेईल? चकली नेतात. चकलीने बोटं चिकट होत नाहीत.’

चकली न्यायची कशी, याचंही शास्त्र आहे. दारावरचा माणूस पिशवीत टॉर्च मारतो. बायकांच्या पर्सचे वरचे दोन कप्पे बघतो, तिसरा बघायला त्याला संकोच वाटतो. तिसऱ्यात डबी ठेवायची. पण खरी तिजोरी म्हणजे आईची पिशवी. तिच्यात औषधांच्या पट्ट्या, चष्म्याचं घर, विठ्ठलाचा फोटो आणि तळाशी स्टीलचा डबा. त्या दिवशी दारावरच्या पोराने डब्यावर टॉर्च धरला आणि विचारलं, ‘आजी, यात काय?’

‘औषध.’

‘कसलं?’

‘भुकेवरचं.’

पोरगा हसला आणि बाजूला झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आजी कुठे बसते याचा त्याला विचार करायचा नव्हता.

तरी पॉपकॉर्न घ्यावे लागतात, कारण मूल सोबत आहे, मग ते वीस वर्षांचं का असेना. पॉपकॉर्नचा काउंटर ही मल्टिप्लेक्सची खरी तिकीटखिडकी. पिक्चर हा बाजूचा कार्यक्रम. तिथला तरुण इतक्या प्रेमाने बोलतो की नाही म्हणताना आपल्यालाच अपराधी वाटतं. ‘सर, फक्त साठ रुपये जास्त, लार्ज होऊन जाईल.’ मी मिडियम मागायला गेलो होतो. आजवर मिडियम घेऊन परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही. कॅरामलचा भाव विचारला आणि एकदम जैसलमेर आठवलं. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेची बैठक त्या वाळवंटात भरली, आणि देशभरातले अर्थमंत्री उंटांच्या गावी जमून पॉपकॉर्नवर बोलले. तेव्हाचा हिशेब असा होता: मीठमसाल्याचे सुटे असतील तर ५ टक्के, पाकीटबंद असतील तर १२, आणि साखरेत घोळवलेले असतील तर १८. कारण साखर लागली की ती मिठाई झाली. आमच्या आजीचंही मत हेच होतं, लाह्यांना गूळ लागला की उपासाला चालत नाहीत. तिला कुणी जैसलमेरला बोलावलं नाही, एवढंच.

मल्टिप्लेक्समध्ये माणसाने काय खावं यावर महाराष्ट्रात रस्त्यावर मोर्चासुद्धा निघाला आहे. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्सात संध्याकाळची हक्काची वेळ द्यायचं ठरवलं, तेव्हा शोभा डे ट्विटरवर लिहून गेल्या की आता पॉपकॉर्न नाही, मल्टिप्लेक्सात दहीमिसळ आणि वडापाव. शिवसैनिक वडापाव आणि दहीमिसळ घेऊन त्यांच्या घराशी पोहोचले. निषेध म्हणून कुणाच्या दारात खाणं नेऊन देणारी जगाच्या पाठीवर दुसरी जमात असेल असं मला वाटत नाही. आता गंमत बघा. परवा काउंटरच्या वरच्या पाटीवर मी बघितलं तर तिसऱ्या ओळीत वडापाव होता. शेजारी त्याची किंमत होती. ती वाचून दहा वर्षांपूर्वीचा तो मोर्चा थोडा लवकर निघाला असं मला वाटलं.

आत गेलो. जाहिराती चालू होत्या. सोनं, फ्लॅट, सोनं, गुडघेदुखीचं तेल, फ्लॅट. मल्टिप्लेक्सवाल्यांना आपलं वय नेमकं कळलेलं असतं, हे जाहिरातींवरून समजतं. मग तंबाखूची ती खोकल्याची फिल्म, जी बघताना पॉपकॉर्नचा घास तोंडाशी थांबतो, आणि मग राष्ट्रगीत. ते लावणं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सक्तीचं केलं, २०१८ मध्ये ऐच्छिक. आपल्या राज्यात ते त्याआधीपासून लागतंय, त्यामुळे आपण सरावाने उठतो. रिक्लायनर मात्र त्या सरावातला नाही. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं, आणि पाय लांब करून आडवी झालेली ती खुर्ची बटण दाबल्यापासून सरळ व्हायला जो वेळ घेते, तो बावन्न सेकंदांच्या फार मागे नसतो. आमच्या पुढचे गृहस्थ मनापासून उभे राहू पाहत होते. खुर्ची त्यांना गुर्र करत हळूहळू वर आणत होती. ते ताठ झाले आणि लोक बसायला लागले. आईने चपला काढून खाली ठेवल्या होत्या. ती अनवाणी ताठ उभी राहिली, आणि बसल्यावर मुलीने बटण दाबून तिची खुर्ची मागे केली. या चपलांकडे लक्ष ठेवा.

पडद्यावर जे दिसतं त्याच्या निम्मं आपण शेजाऱ्यांमुळे बघतो, असं माझं जुनं मत आहे. ‘बाईपण भारी देवा’ला मी गेलो होतो, २०२३ च्या जुलैत. केदार शिंद्यांचा तो सहा बहिणींचा सिनेमा. अख्खं थिएटर नऊवारीत, डोळ्यांवर काळे गॉगल. दारावरच्या मुलाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘काका, नक्की याच पिक्चरचं तिकीट आहे ना?’ पडद्यावर मंगळागौर सुरू झाली तशी पडद्यासमोरच्या रिकाम्या जागेतही सुरू झाली. मध्यंतरात बाहेर आलो तर खाण्याच्या टेबलांशी पंधरा-वीस पुरुष बायकांच्या पर्सा आणि छत्र्या सांभाळत बसले होते. एकमेकांशी बोलत नव्हते. आत गेलेल्यांपैकी मी पहिलाच परत आलेला दिसल्यावर त्यांनी आशेने विचारलं, ‘संपला?’

‘छावा’ची गोष्ट वेगळी. त्याबद्दलची मतं तर पिक्चर लागायच्या आधीच पक्की झाली होती. ट्रेलरमध्ये लेझमाचा नाच दिसला, ओरड झाली, दिग्दर्शकांनी तो काढून टाकला, आणि नंतर निम्मे लोक न दिसलेल्या त्या नाचावरच बोलत होते. आमच्या मागच्या रांगेत एक वडील आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला इतिहास समजावत होते. दर दोन मिनिटांनी मुलगा विचारायचा, ‘हा आपला?’ ‘आपला.’ ‘आणि हा?’ वडील जरा थांबायचे. ‘हा आत्ता आपला आहे.’ मराठ्यांचा इतिहास इतक्या थोडक्यात शिकवणारा मास्तर आम्हाला शाळेत भेटला नाही. शेवटी शेवटी पोराने प्रश्न विचारणं बंद केलं. दिवे लागले तेव्हा त्याने बापाच्या दंडात तोंड खुपसलं होतं आणि बापाला रुमाल सापडत नव्हता. तिथे कुणीही ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणालं नाही. गाडीपर्यंत आम्हीही काही बोललो नाही.

रडण्याचा विषय निघालाच आहे तर. २०२५ च्या जुलैत आमची मुलगी मैत्रिणींबरोबर ‘सैयारा’ बघून आली. डोळे सुजलेले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘कसा आहे?’ ती म्हणाली, ‘बाबा, प्लीज,’ आणि खोलीत गेली. मला हे मत फार आवडलं. पण आई देवघरातून बाहेर आली. तिला ते डोळे ओळखीचे होते. १९९१ साली अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभातमध्ये ‘माहेरची साडी’ ठाण मांडून बसला होता, तेव्हा आई आणि माझी आत्या दोघी जाऊन अशाच आल्या होत्या. आत्याने जाताना दोन रुमाल नेले होते. एक स्वतःला, एक शेजारी कोण बसेल तिला. प्रभातमधून त्या काळात बायका हलक्या होऊन बाहेर यायच्या, आणि बाहेर भेळवाला त्यांची वाट बघत असायचा. प्रभात पुढे जुन्या मालकांकडे गेलं आणि किबे लक्ष्मी झालं, पण आई अजून प्रभातच म्हणते.

आईने नातीला विचारलं, ‘कसला होता गं? सासू आहे का त्यात?’

‘नाही आजी. त्यातली मुलगी सगळं विसरत जाते. तिला आजार असतो.’

‘सगळं?’

‘सगळं.’

आई जरा वेळ विचारात पडली. ‘मग रडायचं काय त्यात? विसरायला आलं असतं तर आमची ‘माहेरची साडी’ निघालीच नसती.’

असो. ‘दशावतार’कडे येतो. पिक्चर सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की आमच्या रांगेत चार वेगवेगळे प्रभावळकर चालू आहेत. माणूस एक्याऐंशी वर्षांचा. पडद्यावर म्हातारा दशावतारी नट, डोळे अधू होत चाललेले, मुलगा म्हणतोय आता बस करा. आणि माझ्या उजवीकडे आई पुटपुटतेय, ‘चिमणराव किती वाळला गं.’ तिच्यासाठी दूरदर्शनवर चिमणराव आणि गुंड्याभाऊ अजून संपलेले नाहीत. पलीकडे बायको ‘चौकट राजा’मधल्या नंदूसाठी जो हुंदका राखून ठेवते तो आत्ताच वापरायला लागलेली. मुलीला नटाने डोळे मोठे केले की ‘झपाटलेला’तला तात्या विंचू दिसत होता, ती अंग चोरून बसली होती. आणि मला, का कोण जाणे, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. म्हातारा जंगलात शिरला की मला वाटे, आता हा कुणालातरी फूल देणार.

त्यात बायको कुडाळची. मालवणी बोलणं ऐकलं की ती बसल्या जागी अर्धा फूट उंच होते. आजूबाजूच्या तीन रांगांना तिने फुकटात माहिती दिली. खरा दशावतार जत्रेत बघायचा. रात्री उशिरा सुरू होतो, पहाटे संपतो. संवाद लिहिलेले नसतात; गोष्ट कुठली ते ठरलेलं असतं, बोलायचं काय ते तिथे उभं राहून सुचतं. राक्षस मंडपात शिरतो तेव्हा पोरं आईच्या पदराखाली घुसतात, आणि सकाळी तोच राक्षस स्टँडवर चहा पिताना दिसतो. ‘माझ्या मामांच्या वर्गात होता एक,’ ती म्हणाली. पुढच्या रांगेतला एक जण वळला. मला वाटलं आता ‘शू’ म्हणणार. तो म्हणाला, ‘ताई, कुडाळचे काय? आमी वेंगुर्ल्याचे.’ मग मध्यंतरापर्यंत पिक्चर दोन ठिकाणी चालला.

मध्यंतर हा मात्र आपल्या संस्कृतीचा मोठा शोध आहे. इंग्रजी सिनेमात ते नसतं, आपण घालतो. पात्राने वाक्य अर्धं बोललेलं असतं, पिस्तूल अर्धं उगारलेलं असतं, आणि एकदम दिवे. नटाने तोंड उघडं ठेवून पंधरा मिनिटं थांबायचं, कारण पुण्याला समोसा खायचाय. पूर्वी भानुविलासला मध्यंतरात वड्यांची ताटं घेऊन पोरं धावायची आणि तळणीचा वास पडद्यापर्यंत जायचा. दुःखाचा प्रसंग असला तरी वास तोच. आता आपल्या खुर्चीशी येऊन मुलगा फोनवर ऑर्डर घेतो आणि पिक्चर चालू झाल्यावर नेमका नायकाच्या तोंडासमोर ट्रे धरून उभा राहतो. त्या दिवशी आईने अंधारात डबा उघडला. तीन रांगांना वास गेला. वेंगुर्ल्याच्या गृहस्थांना एक चकली पोहोचती झाली. न्यायालयाचा अवमान झाला असेल तर तो सिंधुदुर्गातल्या दोन तालुक्यांनी मिळून केला.

उत्तरार्धात कुणी बोललं नाही. शेवटाला आमच्या चौघांचेही डोळे पडद्याला चिकटलेले होते, आणि मुख्य म्हणजे आई जागी होती. दिवे लागले. वेंगुर्ल्याच्या गृहस्थांनी वळून फक्त मान हलवली आणि गेले. सगळं थिएटर रिकामं झालं. आम्ही मात्र तिथेच, कारण आईची डावी चप्पल सापडत नव्हती.

ती खुर्चीच्या यंत्रात गेली होती. खुर्ची खाली घेताना तिने चप्पल आत ओढून घेतली असावी. मी बटण दाबलं, खुर्चीने नुसतं गुर्र केलं. बायको गुडघ्यांवर, मुलगी पालथी, तीन मोबाइलचे टॉर्च. खाली एका कानातलं यंत्र मिळालं, दोन पॉपकॉर्न, एक रुपया आणि आमचीच अर्धी चकली. एवढ्यात झाडू आणि मोठी पिशवी घेऊन सफाई करणारा मुलगा आला. अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याने काही न विचारता खुर्चीखाली हात घातला, कुठलासा खटका ओढला आणि चप्पल काढून आईच्या पायाशी ठेवली. ‘रोज एक निघते,’ तो म्हणाला. मग झाडू मारता मारता सहज विचारल्यासारखं म्हणाला, ‘काका, सुरुवातीला काय होतं हो यात?’

‘म्हणजे? तू बघितला नाहीस?’

‘शेवटची पाच मिनिटं बघतो ना. दारात उभं राहावं लागतं, दिवे लागायच्या आधी. सगळ्या पिक्चरची शेवटची पाच मिनिटं पाठ आहेत आपल्याला. दिवसातनं चार वेळा हा म्हातारा बघतो. लोक रडत बाहेर येतात. पण आधी काय झालं ते कळत नाही.’

मी आजवर इतक्यांना इतके सिनेमे कसे आहेत ते सांगितलं, पण कुणी मला काय आहे असं विचारलं नव्हतं. मी सुरुवात केली. ‘एक अगदी साधा, सरळमार्गी माणूस असतो, कुणाला दुखवत नाही—’

‘सरळमार्गी कसला,’ मुलगी म्हणाली, ‘अरे, त्याचे डोळे बघून भीती वाटते!’

‘मुलगा असतो त्याला,’ बायको मध्येच, ‘किती जीव लावतो, लहान पोरासारखा आहे रे तो मनाने—’ आणि तिचा हुंदका उरलेला होता तो आला. मग तिने त्याला जत्रा, मंडप आणि मामांच्या वर्गातला राक्षस सांगितला.

‘तुला चिमणराव माहितीये का?’ आईने चप्पल घालत विचारलं. ‘नाही? मग तुला तिथपासून सांगायला लागेल. बैस जरा.’

मुलगा झाडू टेकवून ऐकत होता. मधूनच एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. दारात पुढच्या खेळाची माणसं जमायला लागली, कुणीतरी बाहेरून त्याच्या नावाने हाक मारली. त्याने पिशवी उचलली, चकलीचा तुकडा तीत टाकला आणि जाता जाता थांबला.

‘काका,’ तो म्हणाला, ‘तुम्ही चौघं एकाच पिक्चरला बसला होता ना?’